आजोबांचे अक्षर

गेल्या पावसाळ्यात शेवगाव तालुक्यातील आमचा एक विद्यार्थी घरच्या माळ्यावर सापडलेला जुन्या कागदांचा रुमाल वर्गात घेऊन आला. वरचा कागद उलगडून त्याने आमच्या हाती दिला व म्हणाला, "सर, एवढे वाचून दाखवा." कागद मराठीतच होता, परंतु मोडी लिपीत. वीस वर्षे मराठी शिकविणाऱ्या आम्हांस त्यातील आकड्यांपलीकडे एक शब्दही लागेना. मुले हसली नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात घोळत आहे, आणि तो पालकांपुढे मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

मोडी ही निराळी भाषा नव्हे, हे विद्यार्थ्यांनी प्रथम ध्यानी घ्यावे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळचा जो लेख आहे, तो ब्राह्मी लिपीत आहे. त्या लिपीतील ‘क’ म्हणजे केवळ एक उभी व एक आडवी रेघ, गणितातील अधिक चिन्हासारखी. त्याच कुळात पुढे नागरी जन्मली व नागरीच्या पोटी मोडी. नेवाशाच्या पैस खांबावरील लेख पाहिला म्हणजे कळते की छिन्नीला घाई नसते, एकेक अक्षर सुटे कोरावे लागते. कचेरीतल्या कारकुनास मात्र सांजेपर्यंत पन्नास कागद हातावेगळे करावयाचे असतात. त्याने प्रथम कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली, मग बोरू शक्य तितका न उचलता रेघेखाली अक्षरे वळवीत नेली. दोन शब्दांत जागा सोडली नाही. ऱ्हस्वदीर्घाचा भेद राखला नाही, त्यामुळे ‘सुत’ म्हणजे पुत्र की कातलेले सूत, हे वाचणाराने संदर्भावरून ताडावे! व्याकरणाच्या शिक्षकाने डोक्यास हात लावावा असे हे लेखन, पण कामाला वेगवान.

ही लिपी यादवांचा प्रधान हेमाद्री याने काढली, किंबहुना लंकेहून आणली, अशी आख्यायिका आहे. आम्हांस ती पटत नाही. चीन देशातील लिपीचा इतिहास पाहिला म्हणजे तर मुळीच पटत नाही. तेथील अतिप्राचीन अक्षरे हाडांवर व कासवांच्या कवचांवर कोरलेली आहेत. 1899 साली विद्वानांचे लक्ष त्यांकडे गेले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखनात सूर्य म्हणजे वर्तुळ व त्यात एक खूण. पण कठीण हाडावर चाकूने वर्तुळ काढणे जड जाते, म्हणून सूर्याला कोपरे आले. आज चिनी मुले सूर्य चौकोनी लिहितात, याचे मूळ तेथे आहे. पुढे इ. स. पूर्व 221 मध्ये चीन एकछत्री झाला, तेव्हा बादशहाने एक भारदस्त, वळणदार लिपी सर्वत्र लागू केली. ती दिसे सुंदर, पण लिहिण्यास वेळ फार. तेव्हा कचेऱ्यांतील कारकुनांनी कुंचल्याच्या फटकाऱ्याने वळणे सरळ करून टाकली. त्या लिपीच्या चिनी नावाचा अर्थच कारकुनी लिपी असा करतात! आणि गंमत अशी की तिचेही श्रेय परंपरा चेंग म्याओ नावाच्या एका तुरुंगात पडलेल्या अधिकाऱ्यास देते. लोकांना एक नाव हवे असते. खरे कर्तृत्व हजारो अनाम मनगटांचे.

मोडी गेली ती छापखान्यामुळे. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरच्या (बंगालमधील, आपल्या जिल्ह्यातील नव्हे) छापखान्यातून 1810 साली मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला होता. परंतु जोडून लिहिण्याची लिपी सुट्या खिळ्यांत नीट बसेना. बालबोध बसली. 1842 साली आपल्या नगरातून निघू लागलेला ‘ज्ञानोदय’ बालबोधच. म्हणजे मोडीच्या अस्ताला मिशनरी मंडळींचाही हात लागला आहे, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. 1950 च्या सुमारास मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून उठली. चीननेही 1956 साली अनेक अक्षरे सोपी केली. पण तेथे जुन्या व नव्या अक्षरांत पुष्कळदा तोंडवळ्याचे साम्य राहिले. आमच्याकडे मात्र नातू आजोबांच्या पत्रापुढे निरक्षर ठरला.

यात काय बिघडले, असे कोणी विचारील. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील खते हिसकावून जाळली. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे, हे त्यांतील बहुतेकांस ठाऊक नव्हते. 1879 च्या कायद्याने अशी खते सरकारी निबंधकासमोर लिहिली जावीत, अशी तरतूद करावी लागली. आणि 2023 साली सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली, तेव्हा जुनी दप्तरे उघडली खरी, पण ती वाचावयास मोडी जाणणारे शोधीत फिरावे लागले. जमिनीच्या, वाटणीच्या, जातीच्या प्रश्नांचा पुरावा घरात असावा आणि तो वाचण्यासाठी परक्याच्या तोंडाकडे पाहावे लागावे, ही लहान गोष्ट आम्हांस वाटत नाही.

मोडी पुन्हा व्यवहारात आणावी असे म्हणणारेही भेटतात. आमचे मत तसे नाही. बालबोध शुद्ध आहे, सुवाच्य आहे, ती जिंकली हे योग्यच झाले. मुलांवर आधीच तीन भाषांचे ओझे आहे, हेही आम्ही जाणतो. आमचे मागणे एवढेच की आठवीपुढील ज्या मुलांस इच्छा असेल त्यांस आठवड्यातून अर्धा तास मोडी वाचावयास शिकवावे. लिहिण्याची सक्ती नको, परीक्षा तर नकोच. संगणकावर 2014 पासून मोडी अक्षरांना युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे, तेव्हा साधनांची उणीव ही सबब राहिली नाही. आणि पालकांस हात जोडून विनंती, की माळ्यावरचे रुमाल दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्यास देऊ नयेत.

त्या मुलाच्या कागदाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. आम्ही व सात विद्यार्थी चार महिने शनिवारी शाळा सुटल्यावर अक्षरे गिरवीत बसलो. तो कागद म्हणजे फारखत निघाली. मुलाच्या खापरपणजोबांनी बैलासाठी घेतलेले कर्ज व्याजासह फेडले, आता घेणे राहिले नाही, असा मजकूर आहे. मुलाने तो घरी आजीस वाचून दाखविला. साक्षीदाराचे नाव मात्र अद्याप लागलेले नाही. पहिली दोन अक्षरे ‘म’ व ‘ल’ असावीत, पुढचे शाईच्या डागात गेले आहे. पालकांपैकी कोणास त्या वळणाची ओळख असल्यास त्यांनी कोणत्याही शनिवारी दुपारी एक वाजता शाळेच्या ग्रंथालयात यावे.