दोन व्हिजिटांच्या मधला माणूस

आंदर मावळात इंद्रायणी भात कापायला आला की दरवर्षी घोणस चावल्याचा एक तरी फोन येतो. पेंढी उचलताना हाताला, नाहीतर बांधावरून उतरताना घोट्याला. फोनवरचा माणूस हमखास म्हणतो, 'अजगराचं पिल्लू होतं वाटतं.' अंगावरच्या ठिपक्यांमुळे घोणस तशी दिसते खरी, आणि त्या गैरसमजात पहिला तासभर जातो.

दवाखान्यात पोहोचल्यावर एक फुकटची तपासणी असते. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. मग प्रतिसर्पविष, ज्याला सगळे 'इंजेक्शन' म्हणतात, आठ-दहा कुप्या. एवढं आता तालुक्याच्या डॉक्टरांना चांगलं जमतं. माझा आजचा विषय त्यानंतरच्या रात्रींचा आहे.

गेल्या कापणीत अशाच एका रुग्णासोबत मी एका अतिदक्षता विभागात रात्र काढली. तिसरी रात्र, अडीच वाजलेले. सिस्टरनी पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी हातात धरून तिरकी केली, बॅटरी मारली आणि कागदावर लिहिलं : 10. मागच्या तासाला 15. रंग कोऱ्या चहाचा. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली लघवी व्हायला हवी. सलग सहा तास त्याहून कमी झाली की मूत्रपिंडाला इजा झाली असं धरायचं, हे 2012 च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत आहे. क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागाहून बोंबलतो, पिशवी आधी सांगते. बाहेर बसलेल्या पुतण्याचं म्हणणं एकच, 'अजून एक सलाईन लावा की.' सलाईनवर आपला भारी विश्वास. पण लघवी बंद असताना ते पाणी फुप्फुसात साचतं.

आयसीयूच्या डॉक्टरांचं मत : बीपी औषधावर टिकलंय, डायलिसिस लावलं तर कोसळेल. किडनीचे डॉक्टर संध्याकाळी व्हिजिट करून गेलेले, त्यांचं फोनवरून मत : पोटॅशियम चढतंय, लावायलाच हवं. दोघंही बरोबर होते. पण एकाला मशीन नीटसं येत नव्हतं आणि दुसरा पलंगापाशी नव्हता. निर्णय सकाळच्या व्हिजिटवर गेला.

ही फट बुजवणारी शाखा जगात आहे. इटलीतल्या विचेन्झाचे क्लाउदिओ रोन्को आणि ऑस्ट्रेलियातले रिनाल्डो बेलोमो यांनी 1998 मध्ये तिच्यावर जाडजूड ग्रंथच काढला. अमेरिकेत मूत्रपिंडशास्त्राची दोन वर्षं आणि अतिदक्षतेचं एक, अशा तीन वर्षांत दोन्ही शिकता येतं. आपल्याकडे हिशेब बघा : एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, मूत्रपिंडाचं डीएम तीन, अतिदक्षतेचं डीएम आणखी तीन. साडेचौदा वर्षं, तीही प्रवेशपरीक्षांमध्ये एकही वर्ष न घालवता! एवढं शिकलेला माणूस पुण्यात बाणेरला बसेल, कामशेतला कशाला येईल? आणि त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून दोन डीएमवाल्यांची फौज मला नकोच आहे. मला हवंय ते याहून स्वस्त. अतिदक्षतेच्या विद्यार्थ्याने तीन महिने डायलिसिस युनिटमध्ये काढावेत, नुसतं बघायला नव्हे तर मशीन स्वतः लावायला. मूत्रपिंडवाल्याने तेवढेच महिने आयसीयूत, रात्रपाळीसह. त्या रात्री वाट निघाली असती. साधंच डायलिसिस मशीन, रक्ताचा वेग कमी ठेवून, चार तासांऐवजी सहा ते बारा तास चालवायचं. त्याला स्लेड म्हणतात आणि नाजूक बीपीला ते बरंच सोसतं. चोवीस तास चालणाऱ्या महागड्या मशीनवाचून अडत नाही. साधं मशीनही नसेल तर पोटात नळी घालून करायचं डायलिसिस आहेच, त्याला वीजसुद्धा लागत नाही. हल्ली ते जुनाट समजून बाजूला पडलंय, हे मला पटत नाही.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी शंका घेणारे आहेत. अमेरिकेतही दोन्ही शिकलेल्यांना दोन्ही कामं करता येतील अशी नोकरी शोधताना अडचण येते. शंका रास्त आहे, पण ती मोठ्या शहराची आहे. आमच्याकडे घोणशीशिवाय मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेही आहे. 2002 पासून बोरघाटात केबिनमध्ये पाय चेपून अडकलेले चालक आम्ही पाहतोय. चेपलेल्या स्नायूंतून सुटणारी द्रव्यं मूत्रपिंड बंद पाडतात, हे डॉक्टर बायवॉटर्स यांनी 1941 मध्येच, लंडनच्या बॉम्बहल्ल्यांतल्या ढिगाऱ्याखालून काढलेल्या लोकांवरून सांगितलं. पाय मोकळा होण्याआधीच सलाईन सुरू व्हायला हवं. म्हणजे इथे पुतण्याचं म्हणणं खरं आणि तिथे घातक. हा फरक ओळखणारा माणूस तळेगाव ते लोणावळा पट्ट्यात रात्री जागा हवा, एवढीच मागणी.

आमचा रुग्ण वाचला, नशिबाने. घोणशीने बंद पाडलेली मूत्रपिंडं बहुतेकदा काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात, तोवर माणूस तगवायचा असतो. त्याला सतरा दिवस लागले.

परवा शिकवण्याचं काम करणाऱ्या एका डॉक्टरांपुढे मी ही तीन महिन्यांची अदलाबदल मांडली. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, 'कल्पना चांगली आहे. पण माझे दोन रेसिडेंट तिकडे पाठवले तर तोवर माझ्या वॉर्डात रात्री कोण थांबणार?' याचं उत्तर माझ्या खिशात नव्हतं. त्यांनी चहा मागवला.