चित्रफीत पाहण्याआधीच नाक मुरडणाऱ्यांस

'पॉप गाण्याच्या चित्रफितीत पाहायचे काय? नुसता झगमगाट आणि धांगडधिंगा!' हा शेरा आपल्या मंडळांतून वारंवार ऐकू येतो. तो मारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अशी एखादी चित्रफीत अथपासून इतिपर्यंत पाहिलेली नसते. न वाचलेल्या पुस्तकावर मत देणाऱ्यास आपण समीक्षक म्हणत नाही. मग येथेच ही सवलत का?

उदाहरणादाखल पीटर गॅब्रिएल या इंग्लिश गायकाच्या 'स्लेजहॅमर' या गीताची १९८६ सालची चित्रफीत घेऊ. दिग्दर्शक स्टीफन आर. जॉन्सन; सचेतनीकरण ब्रिस्टलच्या आर्डमन या संस्थेचे आणि क्वे बंधूंचे. गायकाला काचेखाली सोळा तास निजवून एकेक चौकट टिपण्यात आली. प्रत्येक चौकटीनंतर वस्तू किंवा चेहरा किंचित हलवायचा आणि पुन्हा टिपायचे, अशी ही रीत. डोक्याभोवती चिमुकली आगगाडी धावते, चेहऱ्यावर रंगवलेल्या आकाशातून ढग सरकतात, फळे जुळून मुखवटा होतो, सोललेल्या कोंबड्या नाचतात.

येथे आक्षेपक म्हणतील, 'शब्दांतली प्रतिमा जशीच्या तशी दाखवली की कल्पनाशक्तीला वाव उरतो कुठे?' आक्षेप वजनदार आहे आणि बहुसंख्य चित्रफितींना तो लागूही पडतो. येथे मात्र तो टिकत नाही. या गीतातील प्रियकर बढाईखोर आहे. प्रेयसीला हवे ते देऊ करणारा, हवे ते होऊ पाहणारा. त्याची अतिशयोक्ती अक्षरशः खरी करून दाखवताच तिच्यातून हास्यरस फुटतो. शिवाय चौकटीचौकटीने टिपल्यामुळे माणसाच्या हालचालीत बाहुलीचा झटका येतो. माणूस आणि फळ एकाच पातळीवर येतात. काहीही होण्याचे वचन देणारा गडी स्वतःच एक वस्तू होऊन बसतो. हा अर्थ गीताच्या शब्दांनी नव्हे, तंत्राने दिला आहे. अलंकार अर्थाला शोभा देतो की अर्थच घडवतो, हा वाद आपण काव्याबाबत हिरिरीने घालतो. तोच प्रश्न येथे विचारायला कमीपणा कसला? आरंभीच्या गर्भधारणेच्या दृश्यांनी कोणी बिचकत असेल, तर लावणीतला शृंगार आपण कोणत्या तोंडाने वाखाणतो, हेही सांगावे.

हे तंत्र परके म्हणून झटकण्याचा अधिकार तर आपल्याला मुळीच नाही. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी दादासाहेब फाळक्यांनी ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून वाटाण्याच्या रोपट्याची वाढ पडद्यावर दाखवली होती. पुढे आगकाड्यांनाही असेच हलते केले. हे फाळके आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले! त्यांच्या नावाचा अभिमान मिरवायचा आणि त्याच रीतीने घडलेली कलाकृती थिल्लर ठरवायची, हा दुटप्पीपणा आहे.

प्रश्न एका इंग्लिश गाण्याचा नाही. आपली नातवंडे पुस्तकांपेक्षा चित्रे अधिक पाहतात, आणि त्यांविषयी बोलताना इंग्रजीकडे वा गुजरातीकडे वळतात. कारण त्या विषयावर घरातल्या मराठीत फक्त तुच्छता ऐकू येते. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात टिकवलेली भाषा अशाने सणवार आणि स्वयंपाकघर एवढ्यापुरती उरेल. भाषा क्षीण होत असल्याच्या तक्रारी आम्हीही केल्या आहेत. पण मुलांना जे बोलायचे आहे त्यासाठी शब्द देण्याचे काम टाळून केवळ तक्रार करणे हा कांगावा होय.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. मंडळाच्या व्याख्यानमालेतील एक संध्याकाळ अशा चित्रफितींना द्यावी. तरुणांनी निवड करावी, ज्येष्ठांनी आधी मुकाट्याने पाहावे आणि चर्चा मराठीत व्हावी. त्यानंतरही ज्यांना नाके मुरडायची असतील, त्यांनी खुशाल मुरडावीत, मात्र सकारण.