बोटीवरचा रिकामा दिवस रिकामाच राहू द्या

क्रूझची कोणतीही जाहिरात बघा. तिच्यात गोव्याचा किनारा असतो, लक्षद्वीपची पांढरी वाळू असते, पोहण्याचा तलाव असतो. दोन बंदरांच्या मधला, बोट नुसती चालत असते तो दिवस मात्र ‘समुद्रात’ एवढ्या एका शब्दात उरकलेला असतो. माझ्या मते तिकिटाचे पैसे मोजायचे ते याच दिवसासाठी. बंदरं विमानाने, रेल्वेनेही गाठता येतात. हा दिवस दुसरीकडे कुठे मिळत नाही.

2021 पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपला जाऊ लागली आणि मराठी कुटुंबांच्या सहलीच्या यादीत क्रूझ आली. लक्षद्वीपच्या वाटेवर हा अख्खा दिवस पदरात पडतो. मुंबई बंदरातलं पाणी खाड्यांच्या गाळाने मातकट असतं. खोल समुद्रात तो गाळ उरत नाही आणि पाणी गडद निळं होतं. अशा वेळी नाळेच्या बाजूला कठड्याशी उभं राहावं. बोटीने कापलेल्या लाटेतून उडणाऱ्या माशांचा थवा अचानक बाहेर पडतो, पंखांसारखे पर ताणून पाण्यावरून दूरवर तरंगत जातो आणि पुन्हा पाण्यात शिरतो. हे बघायला कुणी वेळ ठरवून देत नाही. तिथे उभं असावं लागतं, एवढंच.

या दिवसाने शीण का जातो, याचं उत्तर क्षितिजात आहे. पाण्यापासून तीस मीटर उंचीवरच्या डेकवरून क्षितिज सुमारे वीस किलोमीटरवर दिसतं. मोबाइल हातभर अंतरावर धरून दिवस काढणाऱ्या डोळ्यांचे स्नायू जवळचं पाहताना आवळलेले असतात. लांब पाहिलं की ते सैल पडतात. बोट लागण्यावरही हाच उतारा आहे. बंद खोलीत डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र हेलकावे जाणवतात. या दोहोंचा मेळ बसेना, की मळमळतं. मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहिलं की बहुतेकांना बरं वाटतं. थोडक्यात, या दिवसाचं औषध डेकवर आहे आणि ते फुकट आहे.

क्रूझ उद्योगाला मात्र फुकटाचं काही रुचत नाही. कॅसिनो, दुकानं, बार यांची कमाई प्रवासी आत असतानाच होते. म्हणून सकाळपासून स्पर्धा, लिलाव, नाच, तंबोला अशी यादी हाती पडते आणि डेकवर गेलं तर तिथेही ध्वनिवर्धक असतो. मग आपणही शहरातली धावपळ बोटीवर चालू ठेवतो. कार्यक्रम चुकला तर पैसे वाया जातील, ही धास्ती दुपारची झोपसुद्धा घेऊ देत नाही.

कोकणच्या माणसाला बोटीचा प्रवास नवा नाही. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटींनी चाकरमान्यांच्या पिढ्या गावी नेल्या. डेकवर वळकटी पसरायची, हर्णै-दाभोळसारख्या ठिकाणी उतरणाऱ्यांनी पडावात उड्या टाकायच्या, असा तो प्रवास होता. त्यात गर्दी होती, ओकाऱ्या होत्या, हाल होते. त्याचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण तो उघड्यावरचा प्रवास होता. समुद्र आणि किनारा कायम नजरेसमोर असायचा. आजच्या बोटीत सगळी सोय आहे आणि समुद्राकडे पाठ आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या आरामाच्या दिवशी बोटीवरच्या माणसांना सुटी नसते. गोव्याच्या आणि कोकणच्या घराघरांतली मुलं जगभरच्या क्रूझवर राबतात. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराप्रमाणे त्यांना चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे. कार्यक्रमांची रेलचेल कमी झाली, तर त्यांचाही भार हलका होईल.

म्हणून कंपन्यांकडे मागणं एवढंच आहे: एक डेक गाणीबजावणीमुक्त ठेवा. त्याचे काही दिवे रात्री मालवा, म्हणजे शहरात हरवलेलं आकाश दिसेल. गोव्याच्या वाटेवर किनारा दिसत असेल, तेव्हा कोणता किल्ला, कुठला दिवा, हे मराठीतून सांगा. याला खर्च जवळजवळ नाही. आणि प्रवाशांनी सकाळी हाती येणारी ती यादी घडी घालून खिशात ठेवावी, पोरांना घेऊन डेकवर जावं. कंटाळा आला तर येऊ द्यावा. वर्षभर पोरांना आणि स्वतःला आपण कंटाळायलाही फुरसत दिलेली नसते. ती द्यायला याहून चांगली जागा नाही.