चषकाचा एक दिवस व वर्षाचे इतर दिवस

आयर्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल चषकाचा अंतिम सामना हा विषय आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस फार दूरचा वाटेल. मँचेस्टर, लिव्हरपूल किंवा माद्रिद येथील संघांचा प्रत्येक खेळाडू ज्यांस नांवानिशीं ठाऊक आहे, अशा विद्यार्थ्यांसहि डब्लिन शहरांतील दोन क्लबांचीं नांवें विचारलीं तर सांगतां येतील असें वाटत नाहीं. परंतु याच कारणासाठीं आम्हीं हा विषय निवडला आहे. कारण खुद्द डब्लिनमधील असंख्य मुलांची स्थिति फार काळ याहून फारशी निराळी नव्हती.

ता. १२ नोव्हेंबर २०२३, रविवार, या दिवशीं डब्लिनच्या अविवा स्टेडियमवर सेंट पॅट्रिक्स अ‍ॅथलेटिक व बोहेमियन या दोन संघांमध्यें चषकाचा अंतिम सामना झाला. दोन्ही संघ त्याच शहरांतले. लिफी नदीच्या उत्तरेस बोहेमियन, तर दक्षिणेस सेंट पॅट्रिक्स. बोहेमियन संघानें पेनल्टीवर गोल करून प्रथम आघाडी घेतली. पण ती टिकली नाहीं, आणि तीन विरुद्ध एक अशा गोलांनीं चषक सेंट पॅट्रिक्सकडे गेला. सामना पाहण्यास ४३,८८१ लोक आले होते. हें स्टेडियम २०१० सालीं उघडलें. तेव्हांपासून त्या दिवसापर्यंत चषकाच्या कोणत्याहि अंतिम सामन्यास तेथें इतके लोक जमले नव्हते. २०१४ सालीं याच ठिकाणीं याच सेंट पॅट्रिक्स संघानें त्रेपन्न वर्षांच्या प्रतीक्षेनंतर चषक जिंकला, तेव्हां प्रेक्षक अवघे सतरा हजारांच्या आसपास होते. नऊ वर्षांत हा आंकडा अडीचपट कां झाला, आणि या वाढीवर कितपत विसंबावें, याचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

या चषकाचा जन्मच मुळीं घरच्या मैदानाच्या हट्टांतून झाला. १९२१ सालापर्यंत सबंध आयर्लंडच्या फुटबॉलचा कारभार बेलफास्टहून चालत असे. त्या वर्षीं जुन्या आयरिश चषकाच्या उपांत्य फेरींत डब्लिनचा शेलबर्न व उत्तरेकडील ग्लेनॅव्हन या संघांचा बेलफास्ट येथील सामना बरोबरींत सुटला. फेरसामना डब्लिनमध्यें होईल अशी शेलबर्नची अपेक्षा होती. परंतु तोहि बेलफास्टमध्येंच खेळावा असा कारभाऱ्यांनीं हुकूम काढला. शेलबर्ननें तो मानला नाहीं. देशांत तेव्हां स्वातंत्र्ययुद्ध चालू होतें व मनें अगोदरच दुभंगलीं होतीं; त्याच वर्षीं डब्लिनच्या मंडळींनीं आपली निराळी संघटना स्थापन केली. तिच्या चषकाचा पहिला अंतिम सामना १९२२ सालीं, सेंट पॅट्रिकच्या सणाच्या दिवशीं, म्हणजे १७ मार्च रोजीं झाला. तो बरोबरींत सुटला, व पुढें फेरसामन्यांत गिनेसच्या बीअर-कारखान्यांतील कामगारांच्या सेंट जेम्सेस गेट या संघानें शॅमरॉक रोव्हर्सचा एका गोलानें पराभव केला. सारांश, पहिला चषक जिंकला तो कारखान्यांत राबणाऱ्या माणसांनीं, आणि तो आपल्याच शहरांत जिंकला.

२०२३ च्या सामन्यांतील दोन्ही क्लबहि असेच वस्तीवस्तींतून वाढलेले आहेत. बोहेमियन क्लब १८९० सालीं स्थापन झाला. १९०१ पासून डॅलीमाउंट पार्क हें त्याचें घर बनलें, आणि १९६९ पर्यंत त्याचे खेळाडू वेतन न घेतां केवळ हौसेनें खेळत. हा क्लब कोणा धनिकाच्या मालकीचा नसून त्याच्या सभासदांच्या मालकीचा आहे. सेंट पॅट्रिक्स १९२९ सालीं इंचिकोर या भागांत निघाला. रेल्वेच्या मोठ्या कारखान्यासाठीं प्रसिद्ध असलेली ही कष्टकऱ्यांची वस्ती. अशा क्लबाचा खेळाडू शेजारच्या गल्लींत राहतो, प्रेक्षक त्याच्या बापास ओळखतो, व खेळ बिघडला तर दुसऱ्या दिवशीं दुकानांत त्याला त्याचा जाब विचारतो. खेळ व समाज यांची ही गांठ दूरच्या क्लबाशीं कधींहि पडूं शकत नाहीं.

असें असतां आयरिश जनतेनें आपल्या या क्लबांकडे इतकीं वर्षें पाठ कां फिरविली? उत्तर अगदीं साधें आहे. इंग्लंड समुद्राच्या एका पट्ट्यापलीकडे. तेथें पैसा अधिक, कीर्ति अधिक. जो मुलगा चांगला निपजे तो तिकडे जाई. पॉल मॅकग्रा १९८२ सालीं याच सेंट पॅट्रिक्सकडून मँचेस्टर युनायटेडकडे गेला. रॉय कीन १९९० सालीं कोव्ह रॅम्बलर्स या लहानशा क्लबाकडून नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेला. खेळाडूंच्या मागोमाग प्रेक्षकांचें मनहि गेलें. टेलिव्हिजननें तें अंतर उरलें सुरलें पुसून टाकलें, आणि घरोघर लिव्हरपूलचे व ग्लासगोच्या सेल्टिकचे अभिमानी तयार झाले. पिकतें तेथें विकत नाहीं, ही आपली म्हण जणूं डब्लिनकरितांच घडविली असावी.

घरच्या गोष्टीवर प्रेम करणें आयरिश माणसास ठाऊकच नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. गेलिक फुटबॉल व हर्लिंग हे त्यांचे देशी खेळ. त्यांत प्रत्येकानें आपल्या गांवासाठीं व आपल्या परगण्यासाठीं खेळावयाचें. वेतन कोणासहि नाहीं. तरीहि अखिल आयर्लंडच्या अंतिम सामन्यांस डब्लिनचें क्रोक पार्क हें ब्याऐंशी हजारांवर प्रेक्षकांचें मैदान भरून जातें. म्हणजे लोकांच्या अंगीं निष्ठा होतीच. फुटबॉलच्या बाबतींत मात्र ती परगांवीं गहाण पडली होती.

ती सोडविण्यास दोन घटना कारण झाल्या असें आम्हांस वाटतें. पहिली ही कीं, ब्रिटन युरोपीय संघाच्या व्यवस्थेंतून बाहेर पडल्यामुळें १ जानेवारी २०२१ पासून अठरा वर्षांखालील आयरिश मुलांस इंग्लंडमधील क्लबांकडे जाण्याची वाट बंद झाली. पूर्वीं जो मुलगा सोळाव्या वर्षीं बोट धरून नेला जाई, तो आतां अठरा वर्षांचा होईपर्यंत घरच्या लोकांसमोर खेळूं लागला. दुसरी घटना साथीची. ६ डिसेंबर २०२० रोजीं डंडॉक संघानें शॅमरॉक रोव्हर्सला जादा वेळांत ४–२ असें हरविलें. डेव्हिड मॅकमिलन यानें त्यांत तीन गोल केले. परंतु साथीच्या निर्बंधांमुळें स्टेडियम रिकामें होतें. असा रंगतदार सामना, आणि टाळी वाजविण्यास कोणी नाहीं! आपण काय गमावून बसलों होतों हें त्या रिकाम्या खुर्च्यांनीं पुष्कळांस सांगितलें असावें. कारण पुढच्याच वर्षीं, २८ नोव्हेंबर २०२१ रोजीं, सेंट पॅट्रिक्स व बोहेमियन याच दोन संघांच्या अंतिम सामन्यास ३७,१२६ लोक आले. जादा वेळांत दोन्हीकडून एकेक गोल झाला आणि निकाल पेनल्टींवर ४–३ असा सेंट पॅट्रिक्सच्या बाजूनें लागला.

यावर आक्षेप येईल कीं, हा खेळ इंग्लंडच्या तुलनेनें कमी दर्जाचा आहे. मग उत्तम तें सोडून मध्यम तें कां पाहावें? दर्जा कमी आहे, हें आम्हांस मान्य आहे. २०२१ च्या विजयी संघाचा गोलरक्षक विटेझस्लाव्ह यारोश हा लिव्हरपूलकडून उसना आलेला होता, हेंहि आम्ही लपवीत नाहीं. सभासदांची मालकी असली म्हणून गोल होतात असेंहि नाहीं. बोहेमियन संघ दोन्ही वेळां हरला. परंतु आपल्या मुलाचें गाणें आपण ऐकतों तें देशांत तोच पहिला गवई आहे म्हणून नव्हे. त्याचें गाणें आपल्या घरचें असतें, आणि आपण ऐकलें नाहीं तर तो गाणेंच सोडील, हें आपणांस कळतें. खेळाचेंहि तसेंच आहे. दूरच्या क्लबास आपल्या टाळीवांचून कांहीं अडत नाहीं. जवळच्या क्लबाचें सर्वस्व तिच्यावरच अवलंबून असतें.

आमची खरी चिंता निराळीच आहे. चषकाचा दिवस वर्षांतून एकदां येतो. घरच्या लीगचे सामने बहुधा शुक्रवारीं संध्याकाळीं, फेब्रुवारीच्या थंडीपासून नोव्हेंबरच्या पावसापर्यंत, लहान मैदानांवर होतात. २०२३ सालीं डॅलीमाउंट व रिचमंड पार्क या दोन्ही मैदानांवर मिळून दहा हजारांच्या आंतबाहेरच माणसें मावत. डॅलीमाउंटवर एके काळीं चाळीस हजारांहून अधिक लोक जमत. पुढें तें मोडकळीस आलें आणि २०१५ सालीं नगरपालिकेनें विकत घेतलें. उलट राष्ट्रीय संघटनेनें भव्य अविवा स्टेडियमच्या उभारणींत भाग घेऊन जें कर्ज डोक्यावर घेतलें, तें तिच्या संकटाचें एक कारण ठरलें. २०१९ सालीं ती दिवाळखोरीच्या कांठावर आली, व २०२० च्या जानेवारींत सरकार, बँक व युरोपीय फुटबॉल संघटना यांच्या साहाय्यानें कशीबशी तगली. वाड्याचा दिंडीदरवाजा सोन्याचा, पण आंतील खोल्यांचीं कौलें फुटलेलीं, असा हा प्रकार झाला. चव्वेचाळीस हजार लोक एका रविवारीं आले याचा आनंद मानावा. परंतु त्यांतील दहा हजारांस जरी शुक्रवारीं यावेसें वाटलें तरी त्यांनीं बसावें कोठें, हा प्रश्न कारभाऱ्यांनीं टाळतां कामा नये. अंतिम सामना हें पीक आहे; पेरणी त्या लहान मैदानांवर होते.

आमच्या इकडे असा धडा शिकविणारें उदाहरण नाहीं असें नाहीं. कोल्हापुरांत तालमींचे व पेठांचे संघ छत्रपति शाहू स्टेडियमवर खेळतात, आणि पाटाकडील तालीम व दिलबहार तालीम यांसारख्या संघांमागें सारी पेठ उभी राहते. तेथील प्रेक्षकास कोणी सांगावें लागत नाहीं कीं हा संघ आपला आहे. इतरत्र मात्र आपल्या मुलांच्या अंगांत परदेशी क्लबांचे सदरे दिसतात, आणि शाळेचा सामना चालू असतां मैदानाच्या कडेला दहा जणहि उभे नसतात. परदेशी खेळ पाहूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. त्यापासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु पाहणारा व आपलेपणानें उभा राहणारा यांत अंतर आहे.

तेव्हां विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, आयर्लंडच्या या कथेचें तात्पर्य एवढेंच कीं, खेळास मोठेपण केवळ पैशानें येत नाहीं. ज्यांचा तो खेळ आहे त्यांच्या नित्याच्या उपस्थितीनेंच तें येतें. डब्लिनच्या लोकांनीं आपल्या क्लबांकडे पुन्हा तोंड वळविलें आहे. तें तसेंच वळलेलें राहतें कीं नाहीं याचा निकाल चषकाच्या दिवशीं लागणार नाहीं. तो लागेल पावसाळी शुक्रवारीं, जेव्हां जिंकण्यासारखें फारसें कांहीं नसतें आणि तरीहि माणसें येतात. आपल्या शाळेचा, आपल्या गांवाचा संघ खेळत असेल तेव्हां आपणहि छत्री घेऊन मैदानाच्या कडेला उभें राहावें, एवढेंच आमचें मागणें आहे.