सुटकेची कळ आणि उसने शहाणपण

'विम' या संपादकात मजकूर लिहिणे आणि लिहिलेला मजकूर हाताळणे या दोन वेगळ्या अवस्था मानल्या आहेत. लिहिण्याच्या अवस्थेला 'इन्सर्ट मोड' म्हणतात आणि तिच्यातून बाहेर पडण्यासाठी एस्केप ही कळ असते. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये मूळ 'व्हीआय' रचला तो एडीएम-३ए या टर्मिनलवर. तेथे ही कळ 'क्यू'च्या डावीकडे, आजच्या टॅबच्या जागी होती. पुढे ती कोपऱ्यात गेली आणि करंगळीची वणवण सुरू झाली.

त्यावर जाणकारांचा ठरलेला उपाय असा, की 'जेजे', 'जेके' किंवा 'केजे' ही जोडाक्षरी खूण सुटकेसाठी नेमावी. कारण ती शब्दांत सहसा येत नाही. आमचा आक्षेप या 'शब्दांत' या शब्दाला आहे. कोणाच्या शब्दांत? इंग्रजीच्या! विम कळ ओळखत नाही, उमटलेले अक्षर ओळखतो. इनस्क्रिप्टमध्ये 'जे'वर र आणि 'के'वर क असतो. म्हणजे रोमन खूण तेथे निरुपयोगी. देवनागरी नेमावी तर 'दररोज' लिहिता येत नाही, 'सरकार', 'फरक' आणि 'प्रकार' अर्ध्यावर तुटतात आणि 'कर' नेमल्यास मराठीचे सर्वांत राबते क्रियापदच हातचे जाते. दोन अक्षरांमध्ये सेकंदभर थांबले तर शब्द वाचतो खरा. पण थांबत थांबत लिहिणे याला सोय म्हणावे काय?

मराठीत असे लिहिणारे मोजकेच, मग एवढा खल कशाला, असे कोणी म्हणेल. सार्वत्रिक म्हणून मिरवणारा नियम एका भाषेच्या अक्षरवारंवारितेवर उभा असतो, हे दाखवायला एक लिहिणाराही पुरेसा आहे. समीक्षेच्या वर्गात परक्या संज्ञा लावताना आपण हा प्रश्न विचारतो. यंत्रापुढे बसल्यावर मात्र तो विसरतो.

आमचे म्हणणे साधे आहे. देवनागरीत मोठी आणि लहान अशी दुहेरी वर्णमाला नाही. त्यामुळे कॅप्स लॉक ही मोक्याची कळ मराठी लिहिताना रिकामीच बसलेली असते. एस्केप तेथे आणावी. अक्षर बळी न देता सुटका मिळते, आणि ती आपल्या लिपीच्या स्वभावातूनच मिळते.