बेळगोळला मुक्काम हवाच



दिवाळी झाली की यात्रांची पत्रकं यायला लागतात. चार दिवसांत नऊ क्षेत्रं! त्यात श्रवणबेळगोळच्या वाट्याला काय, तर 'सकाळी ९ ते १२'. मी बी.कॉम. आहे, हिशेब मला कळतो. जाता-येता वीस-बावीस तास बसमध्ये आणि बाहुबलींसमोर पाऊण तास. याला यात्रा म्हणायचं का?

बरं, ही वेळ तरी कसली? विंध्यगिरीच्या सहाशेवर पायऱ्या, त्याही अनवाणी. दगड तापलेला, गुडघे बोलायला लागलेले, आणि खालून व्यवस्थापकाची शिट्टी. आदल्या रात्री गावात राहिलं तर पहाटेच्या गार दगडावरून चढता येतं. ज्यांना जमत नाही त्यांना डोली आहे. पण डोलीलाही वेळ लागतोच ना?

घाईत काय सुटतं ते सांगते. बाहुबलींच्या पायाशी मराठी शिलालेख आहे, आपल्या भाषेतल्या जुन्यात जुन्यांपैकी. किती जणींनी पाहिला? समोरच्या चंद्रगिरीवर तर बस थांबतच नाही. भद्रबाहू स्वामी आणि चंद्रगुप्त मौर्य यांची सल्लेखना तिथलीच मानतात. तिथली एक बसदी होयसळ राणी शांतलादेवीने ११२३ मध्ये बांधवली. तिच्या आईने, माचिकब्बेने, याच बेळगोळला सल्लेखना घेतली. खाली गावात अक्कन बसदी, ११८१ ची, तीही एका बाईने, मंत्र्याच्या पत्नीने बांधवलेली. बायकांनी उभं केलेलं तेवढं बायकांच्याच यात्रेतून गळतं. (आणि भंडारी बसदी, राजाच्या खजिनदाराने बांधलेली, आम्हा कॉमर्सवाल्यांनी तरी चुकवू नये!)

'रात्री तिथं करायचं काय?' हा प्रश्न नेहमी पुरुष मंडळींचा. अहो, सूर्यास्ताआधी भोजनालयात जेवण उरकलेलं असतं. उद्याची भाजी निवडायची नसते, विरजण लावायचं नसतं, कुणाची वाट बघायची नसते. कल्याणी सरोवराच्या काठाने चालावं, मग स्वस्थ सामायिकाला बसावं. घरी आपण कुकरच्या शिट्ट्या मोजत सामायिक करतो, हे कुणाला माहीत नाही?

आता थोडं आपल्याच भगिनींना. खोलीत गेल्या गेल्या एसी, गरम पाणी, टीव्ही, चादर अशी चौकशी सुरू होते. ते मठाचं गाव आहे. मुनी, आर्यिका जिथे शतकानुशतकं भुईवर निजले, तिथे एक रात्र पातळ गादीवर काढली तर अंग काही मोडत नाही.

खर्च वाढतो, असं आयोजक म्हणतात. मान्य. मग नऊतली चार क्षेत्रं कमी करा, डिझेल वाचेल. मूडबिद्री, कारकळ, वेणूर पुढच्या वर्षी करू, ती कुठे पळून जात नाहीत. पत्रकावर बेळगोळचा मुक्काम छापलेला नसेल तर या वर्षी पैसे भरू नका. आणि का भरत नाही, ते आयोजकांना फोन करून सांगा. नुसतं आपापसात कुजबुजू नका.