कूलर ही आपल्याकडे चैन नाही, भाऊ!

मंडळी, उन्हाळा आला की आपल्या जळगाव-धुळ्यात दोन आकडे चढतात. एक पाऱ्याचा, दुसरा लाईट बिलाचा. भुसावळचा पारा 45 च्या वर गेला की बातमी होते. बिल वाढलं की मात्र आपल्यालाच ऐकावं लागतं, "वीज जपून वापरा." चला, जपून वापरू. पण आधी हिशोब मांडू.

साधं दोन खोल्यांचं घर घ्या. जुने 75 वॅटचे दोन पंखे 15 तास चालले तर महिन्याला साधारण 67 युनिट. फ्रिज 30 च्या आसपास. टीव्ही, दिवे, मोबाईल मिळून 12-15. झाले 110. आता मे महिन्यात कूलर लावा. 200 वॅटचा कूलर रोज 10 तास म्हणजे महिन्याला 60 युनिट. एकूण गेलं 170 वर.

इथं गोम आहे. घरगुती दराचा पहिला टप्पा 100 युनिटचा. त्यापुढच्या युनिटचा दर दुपटीहून जास्त. (बऱ्याच जणांना वाटतं 100 ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात. तसं नाही, फक्त वरचे महाग होतात.) म्हणजे कूलरचा जवळपास प्रत्येक युनिट महागड्या दरात बसतो. वरून 16 टक्के वीज शुल्क आहेच.

आपल्या हातात काय आहे? बरंच आहे. जुना पंखा बदलून 28-30 वॅटचा बीएलडीसी पंखा घेतला तर त्याच वापरात दोन पंख्यांचे 40 युनिट वाचतात. कूलरचं गवत दरवर्षी बदला, आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा. नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि कूलर फुकट फिरतो. गच्चीला चुना मारा, स्वस्तातला उपाय आहे. आपल्या जुन्या लोकांची धाब्याची घरं उगाच थंड नव्हती. एसी असेल तर 24 वर ठेवा, 18 वर नको.

आता स्मार्ट मीटरचं. जून 2024 मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही, असं सांगितलं. पुढे पोस्टपेड स्मार्ट मीटर आले, आणि जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत सुरू झाली. इस्त्री, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर दिवसा लावा, जरूर लावा. पण अशी कामं महिन्याला 20 युनिटची धरली तर वाचले 16 रुपये! कूलर लागतो रात्री. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आग ओकतो, तेव्हा लेकराला म्हणायचं का, बाळा, सवलतीच्या वेळात झोप?

सोलरचा पर्याय चांगला आहे. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किलोवॅटला 78 हजार अनुदान मिळतं. 1 किलोवॅटमधून महिन्याला साधारण 120 युनिट होतात, म्हणजे वरच्या घराचं बिल बऱ्यापैकी मिटतं. ज्याची स्वतःची गच्ची आहे त्यानं विचार करावाच. पण भाड्यानं राहणारा, पत्र्याच्या खोलीतला माणूस पॅनल कुठं ठेवणार? आणि सगळ्यात जास्त उकडतं ते त्याच्याच घरात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पंखे बदलून, सगळी काटकसर करूनही वरचं घर 130 वर येतं, 100 च्या आत बसत नाही. तो दोष उधळपट्टीचा नाही, आपल्या हवेचा आहे. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारसारख्या तापणाऱ्या जिल्ह्यांत पहिला टप्पा 150 युनिटचा करा. मोठा वापर असणाऱ्यांना त्याचा लाभ देऊ नका, हरकत नाही.

कोणी म्हणेल, पैसा कुठून आणायचा? प्रश्न बरोबर आहे. वीज शुल्क राज्य सरकारच घेतं. उन्हाळ्यात या टप्प्यापुरतं त्यातून भरून काढा. उष्माघाताचा पेशंट दवाखान्यात आणण्यापेक्षा हे केव्हाही परवडेल.

आणि हो, हे भीक मागणं नाही. दीपनगरच्या कोळशाची राख आपण झेलतो. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आणि साक्रीचा सौर प्रकल्प आपल्याच मातीवर उभे आहेत. खान्देश राज्याला वीज देतो.

दर ठरवण्याआधी वीज नियामक आयोग ग्राहकांच्या सूचना-हरकती मागवतो. तिथं उद्योगवाले तयारीनं जातात, आपण घरी बसून बिलाला शिव्या घालतो. पुढच्या वेळी आपणही लिहून पाठवू. तोवर एप्रिल, मे, जूनची बिलं जपून ठेवा आणि तुमच्या घरी उन्हाळ्यात किती युनिट वाढले तेवढं कमेंटमध्ये टाका. आकडे हातात असले की बोलणं सोपं जातं.